किकेंदोन बुद्रुक

जूल व्हर्नने पुणं पाहिलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाचाही तसा समज होईल आणि मग तो कोणत्या वाड्यात उतरला होता यावर पत्रव्यवहार सुरू होईल. पुण्याचा उल्लेख मात्र त्याने केलेला आहे. ऐंशी दिवसांत जगाला प्रदक्षिणा घालायला निघालेला फिलिआस फॉग मुंबईत आगबोटीतून उतरतो आणि रेल्वेत बसतो. गाडी कल्याणला येते, तेव्हा व्हर्न जाता जाता सांगतो की इथून एक फाटा खंडाळा-पुण्याकडे जातो. बस. फॉगसाहेबांची गाडी घाट चढून खानदेशाकडे निघून जाते. साऱ्या जगाची सफर करणाऱ्या माणसाने पुण्याला असं अक्षरशः फाट्यावर मारावं, हे १८७३ पासून आमच्याकडे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. नाहीतर निषेधसभा झाली असती आणि ठरावातल्या शुद्धलेखनावरून ती मोडलीही असती.

व्हर्नचं आणि पुण्याचं पुढे जुळलं ते भा. रा. भागवतांमुळे. त्यांनी या फ्रेंच गृहस्थाला मराठीत आणलं, मराठी मुलांकडून 'चंद्रावर स्वारी' करवून घेतली, 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ठोकायला लावला, आणि हे चालू असताना स्वतःचाही एक पोरगा उभा केला. फुरसुंगीचा बनेश फेणे. शाळा पुण्याची विद्याभवन, वाहन सायकल, तोंडात 'ट्टॉक्'. फास्टर फेणेची वीसेक पुस्तकं झाली. तो काश्मीरला जाऊन आला, विमानचोरांना भिडला, चक्रीवादळात सापडून सुटला, पण शाळेतून काही बाहेर पडला नाही. देशात सरकारं बदलली, त्याचे वाचक आजोबा झाले, तरी हा आपला अर्ध्या चड्डीत. भागवतांनी विज्ञानकथा वेगळ्या लिहिल्या असं सांगतात. माझ्या मते त्यांची सगळ्यात धाडसी विज्ञानकथा हीच, फक्त तिच्यावर तसं छापलेलं नाही.

लांबलेल्या मालिकेत हे चालतं. व्हर्नची मालिका तर भलतीच लांबली. एत्झेल नावाच्या प्रकाशकाने १८६३ साली त्याचं बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याचं पुस्तक काढलं, ते खपलं, आणि मग 'असामान्य प्रवास' या नावाची माला सुरू झाली ती लेखक वारला तरी थांबली नाही. हयातीत पन्नासाहून अधिक कादंबऱ्या आणि मागाहून चिरंजीवांनी बापाची हस्तलिखितं दुरुस्त करून काढलेल्या आणखी काही. चंद्र झाला, समुद्राचा तळ झाला, पृथ्वीचं पोट झालं. आमची माणसंही त्यात येऊन गेली. पाणबुडीवाला कॅप्टन नेमो हा मुळात बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा निघाला. बुंदेलखंड म्हणजे मस्तानीचं माहेर, तेव्हा नेमो हा पुण्याचा लांबचा मेहुणाच लागतो. १८८० सालच्या वाफेच्या हत्तीच्या कादंबरीत तर खुद्द नानासाहेब पेशव्यांना त्याने खलनायक करून टाकलं. तेही शनिवारवाड्याला एक पोस्टकार्ड न टाकता.

एवढ्या धावपळीच्या मालेत एक छोटी कादंबरी अशी आहे की तिच्यात कुणी कुठेही जात नाही. 'डॉक्टर ऑक्स'. १८७२ साली ती एका मासिकात आली आणि १८७४ साली पुस्तकात बसली. मालेचं नाव 'असामान्य प्रवास' आणि गोष्ट एका गावाच्या वेशीच्या आतली. पेन्शनरांच्या शहरात ही आवडायला हरकत नव्हती.

गावाचं नाव किकेंदोन. ते फ्लँडर्समध्ये आहे असं व्हर्न म्हणतो आणि लगेच सांगतो की नकाशात शोधू नका. वस्ती दोन हजार तीनशे त्र्याण्णव. व्यवसाय काय, तर घोटलेली साय आणि सातूच्या साखरेच्या गोळ्या. बाकरवडी, आंबा बर्फी आणि श्रूसबेरी बिस्किटांवर ज्या शहराची कीर्ती उभी आहे त्याने याला हसू नये. गावातली माणसं शांत. इतकी की कुणी आवाज चढवत नाही, कुत्रं चावत नाही, मांजर ओरबाडत नाही. मुलगा आणि मुलगी नदीकाठी गळ टाकून शेजारी शेजारी बसतात आणि दहा वर्षं अशी बसून झाली की लग्न करतात. नगराध्यक्ष व्हान त्रिकास आणि त्यांचे सल्लागार निक्लॉस हे रोज भेटून गावच्या प्रश्नांवर विचार करतात. विचारच. गावाला पोलीस अधिकाऱ्याचं पद हवं की नको, यावर त्यांचा दहा वर्षं विचार चालू आहे. आयुष्यात एकही निर्णय न घेता जो मेला तो पूर्णत्वाच्या फार जवळ पोचला, असं नगराध्यक्षांचं प्रामाणिक मत आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, व्हर्नने नगरपालिका आतून पाहिली असणार. पाहिली, पण मागाहून. १८८८ साली तो आमिआँ या गावी नगरसेवक म्हणून निवडून आला आणि पंधरा वर्षं त्या खुर्चीवर होता. म्हणजे त्याने पालिकेवर आधी थट्टेची गोष्ट लिहिली आणि लोकांनी तरीही त्याला निवडून दिलं. आमच्याकडे क्रम वेगळा आहे. इथे आधी निवडून यायचं, मग कार्यअहवाल काढायचा. थट्टा त्यातूनच निघते.

तर या गावात डॉक्टर ऑक्स येतो. सोबत इजेन नावाचा मदतनीस. (दोघांची नावं जोडून वाचली की चोर सापडतो, पण किकेंदोनमध्ये एवढ्या घाईने कुणी वाचत नाही.) डॉक्टर म्हणतो, तुमचं गाव मी नव्या पद्धतीच्या वायूने उजळून देतो. सगळा खर्च माझा. नगराध्यक्ष विचार करतात आणि फुकट म्हटल्यावर 'हो' म्हणतात. रस्त्याखालून नळ पडतात, घरोघरी, चर्चमध्ये, नाटकगृहात तोट्या बसतात. दिवे मात्र लागत नाहीत. दिव्याचं निमित्त असतं. ऑक्स पाण्याचं पृथक्करण करून मिळालेला प्राणवायू गुपचूप गावभर सोडून देतो आणि माणसांचं काय होतं ते वहीत टिपत बसतो.

होतं ते असं. एक वकील आणि एक डॉक्टर राजकारणावर बोलता बोलता एकमेकांवर तापतात. नाटकगृहात संगीतिकेचा चौथा अंक साडेचारला सुरू होतो आणि पाचला बारा मिनिटं असताना संपतो. एरवी त्याला सहा तास लागत. कोबीची झुडपं होतात, अळंब्यांच्या छत्र्या होतात. शेवटी कैक शतकांपूर्वी शेजारच्या व्हिर्गामेन गावच्या एका गाईने आमच्या कुरणात तोंड घातलं होतं, हे कुणाला तरी आठवतं आणि सगळं गाव त्या गाईचा सूड घ्यायला लष्कर घेऊन बाहेर पडतं.

आता व्हर्नची कल्पना अशी की माणूस मुळात थंड असतो, त्याला वायू दिला की तो तापतो. आधी हे, मग ते. फ्लँडर्समध्ये तसं असेलही. पण हा प्रयोग पुण्यात केला असता तर डॉक्टर ऑक्सची वही कोरी राहिली असती, असं मला ठामपणे वाटतं. पुणेकर या दोन्ही अवस्थांत एकाच वेळी असतो. निर्णयाच्या बाबतीत तो किकेंदोनचा जुना रहिवासी, आणि वादाच्या बाबतीत त्याच्या घरात जन्मापासून तोटी उघडी.

खात्री करायची असेल तर कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसावं. जागा पार्किंगमध्ये, खुर्च्या मांडववाल्याच्या, पाठीमागे कुणाची तरी आच्छादन घातलेली मोटार. कोरम नसल्यामुळे अर्धा तास तहकूब झालेली सभा त्याच जागी तेवढ्याच माणसांत पुन्हा सुरू होते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक सात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. चौथ्या मजल्यावरचे लोक सातची वाट बघत असतात, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात जून ते सप्टेंबर पातेली मांडलेली असतात.

सेक्रेटरी इतिवृत्त वाचतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका हात वर करतात.

"यात 'चर्चा झाली' असं लिहिलंय. चर्चा झाली नव्हती. मी बोललो होतो."

"काका, तुम्ही बोललात म्हणजे चर्चाच झाली ना?"

"चर्चेला दुसरा माणूस लागतो. मी एकटाच बोलत होतो. कुणी उत्तर दिलं नाही, हे त्यात आलं पाहिजे."

"मग 'काकांनी मनोगत व्यक्त केले' असं करूया का?"

"मनोगत निरोपसमारंभात व्यक्त करतात. मी अजून इथेच राहतो."

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात की 'केले' नको, 'केलं' चालेल. मग त्यावर दोन तट पडतात. आवाज इतके चढतात की शेजारच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात आणि त्यांच्यातलाही एक जण वरूनच दुरुस्ती सुचवतो. किकेंदोनच्या वकील-डॉक्टरांना एवढं तापायला वायू खावा लागला होता. इथे साध्या हवेत काम होतं. आणि विषय क्रमांक सातचं काय? त्यावर 'तज्ज्ञांचे मत मागवून पुढील सभेत ठेवावे' असं ठरतं. हे एकमताने ठरतं, टाळीसुद्धा पडते. व्हान त्रिकाससाहेब त्या सभेत असते तर त्यांनी उठून सेक्रेटरींना आलिंगन दिलं असतं. पातेली अजून एक पावसाळा पाहतात.

शहराचं काही वेगळं नाही. शहराभोवती फिरणारा उंचावरचा वर्तुळाकार रस्ता १९८७ च्या विकास आराखड्यात आहे. अजूनही आराखड्यातच आहे, आणि तिथे तो अगदी सुस्थितीत आहे, एक खड्डा नाही. मेट्रो खालून न्यायची की वरून, यावर इतकी वर्षं भांडण झालं की तेवढ्या काळात लोकांनी हातांनी बोगदा उकरला असता. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली आणि मार्च २०२२ मध्ये ती धावली. काही खालून, काही वरून. दोन्ही पक्ष जिंकले, त्यामुळे दोन्ही पक्ष नाराज.

याच शहराला मनावर घेतलं की किती वेगाने हलता येतं, हे हेल्मेटने दाखवून दिलं. २०१९ च्या १ जानेवारीपासून हेल्मेटसक्ती कडक झाली आणि पाहता पाहता विरोधी कृती समिती, पत्रकं, मोर्चा, सगळं उभं राहिलं. डोकं वाचवण्याच्या कल्पनेविरुद्ध इतकी डोकी इतक्या थोड्या वेळात एकत्र आलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाहीत. ऑक्सने हे पाहिलं असतं तर इजेनला म्हणाला असता, तोटी बंद कर. आणि इजेन म्हणाला असता, साहेब, मी अजून उघडलीच नाही.

व्हर्नच्या गाईची थट्टाही आमच्यापुढे फिकी पडते. शेकडो वर्षांपूर्वीची तक्रार ताजी ठेवायला किकेंदोनवाल्यांना वायू लागला. पुण्यात त्यासाठी मंडळं आहेत. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद कोणत्याही चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत पेटवता येतो. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्यात अधिक महिन्याचं बिनसलं की एकाच वाड्यात एकाचे गणपती महिनाभर आधी बसतात आणि दुसरा जिन्यात उभा राहून 'लवकर आटोपलंत' म्हणतो. आणि पानिपत तर आहेच. १४ जानेवारी १७६१ ला संपलेली लढाई आमच्याकडे दर संक्रांतीला नव्याने लढली जाते. जयंत नारळीकरांनी हे बरोबर हेरलं होतं. ज्या शहरात त्यांनी पुढे 'आयुका' उभी केली त्या शहराचा स्वभाव ओळखून त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट लिहिली. नायक इतिहासाचे प्राध्यापक, नऊशे नव्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवून झालेले, हजाराव्या सभेच्या प्रतीक्षेत. ते पुण्याहून मुंबईला निघतात आणि मराठे पानिपत जिंकले आहेत अशा भलत्याच जगात जाऊन पोचतात. तिथे एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. पंत जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. लोक त्यांना टोमॅटो आणि अंडी मारतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची पद्धतच बंद केलेली असते. मराठी विज्ञानकथेत प्रकाशाहून वेगवान यानं आली असतील, पण अध्यक्षीय भाषण नसलेल्या मराठी जगाइतकी अचाट कल्पना मला दुसरी माहीत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या गावात अजून चालू आहे, त्या गावाबद्दल हे लिहायला धैर्य लागतं.

संगीतिकेचं मात्र मला जरा भय वाटतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चाले. गायक विलंबित ख्यालाला बसला की समोरचा माणूस शालीत शिरायचा, बटाटेवडा खाऊन यायचा, तरी सम यायची होती. ही किकेंदोनची संस्कृती आम्ही मनापासून जपली. आता तिथे ऑक्सने तोटी सोडली अशी कल्पना करा. मालकंस साडेचारला सुरू, पाचला बारा कमी असताना भैरवी, तबलजीच्या बोटांना पट्ट्या. पण मग लक्षात येतं, याला ऑक्स कशाला हवा? आजकाल तोच मालकंस नातवाच्या फोनवर तीस सेकंदांत आटोपतो आणि त्यातही तो पुढे सरकवतो.

कोबीचं झुडूप झालं तर काय, हा प्रश्न मी मंडईच्या दृष्टीने सोडवून ठेवला आहे. पुणेकर त्या झुडपासमोर उभा राहील, त्याला एक चक्कर मारेल, म्हणेल, "आकार आहे. चव गेली," आणि कोथिंबिरीची एक जुडी वर मागेल.

कादंबरीतला सगळ्यात गमतीचा प्रसंग बुरुजाचा आहे. नगराध्यक्ष आणि सल्लागार, आयुष्यभराचे मित्र, आता एकमेकांवर गुरगुरत गावच्या उंच बुरुजावर चढतात. जसजसे वर जातात तसतसे निवळतात. प्राणवायू जड, तो एवढ्या उंचीवर पोचत नाही. वर पोचल्यावर दोघे गळ्यात गळे घालून गावाचं कौतुक करतात. उतरू लागले की पुन्हा पारा चढायला लागतो आणि तळाशी येईपर्यंत हातघाई.

या प्रसंगाची चाचणी पर्वतीवर रोज सकाळी होते. एकशेतीन पायऱ्या चढून माणसं वर आली की पाहावीत. टोप्या काढतात, एकमेकांना 'या, आज उशीर?' म्हणतात, खिशातून खडीसाखर काढून वाटतात. खाली शहर पसरलेलं. कुणीतरी म्हणतं, "काय होतं हो पुणं!" बाकीचे माना हलवतात. वर भांडण होत नाही, हे खरं, पण त्याचं कारण वायू नाही. भांडणाला दोन मतं लागतात आणि वर एकच मत असतं: पुणं बिघडलं. ते बिघडायला कोणत्या साली लागलं, एवढाच काय तो तपशील, आणि तो ज्याने त्याने स्वतःच्या निवृत्तीच्या सालाशी जुळवून घेतलेला असतो. तेच दोघे खाली उतरतात. एकाची स्कूटर दुसऱ्याच्या स्कूटरला टेकून उभी असते.

"ही गाडी आपली का?"

"हो. का?"

"नाही, मला वाटलं बेवारस आहे. लावलीच तशी आहे."

खडीसाखर अजून जिभेवर असते.

तरीही हा सगळा किरकोळ पुरावा झाला. दोन्ही अवस्था एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाहायच्या असतील तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक. मंडईपासून टिळक चौकापर्यंत अंतर किती? सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर घाम न येता चालून जाईल एवढं. मिरवणुकीला तेवढंच पार करायला सगळी मंडळं धरून तीस तासांच्या आसपास लागतात. चाल किकेंदोनची. आणि आवाज? खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत ढोल वाजतो, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. डॉक्टर ऑक्सने अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून हे पाहिलं असतं तर त्याच्या शास्त्राचा पायाच ढासळला असता. माणसं इतकी तापलेली आहेत आणि पुढे सरकत नाहीत, हे त्याच्या कोणत्याच कोष्टकात बसलं नसतं. चौकात त्याला कुणीतरी नक्की सांगितलं असतं की मानाचे पाच गणपती गेल्यावर खरी गर्दी सुरू होते, तुम्ही फार लवकर आलात.

व्हर्नने शेवट स्फोटाने केला. ऑक्स आणि इजेन यांचंच आपसात वाजतं, वायूच्या टाक्यांकडे लक्ष राहत नाही, प्राणवायू आणि हायड्रोजन एकत्र येतात आणि कारखाना उडतो. लढाईला निघालेलं लष्कर आडवं होतं, उठतं, आणि कपडे झटकून घरी जातं. गाव पूर्ववत थंड. स्फोटाच्या बाबतीत मात्र आमचा अनुभव वेगळा आहे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोटकं लावून उडवला. सारं शहर टीव्हीपुढे जागं होतं. धूळ खाली बसल्यावर दिसलं की पूल पुरता पडलेला नाही, उरलेलं काम यंत्रांनी उरकावं लागणार. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कट्ट्यावर एक स्फोटकतज्ज्ञ होता. पुलाच्या बांधकामाचं इतकं कौतुक तो उभा असताना कधी झालं नव्हतं.

माणसाचं धैर्य, बुद्धी, कल्पकता हे सगळं काय फक्त प्राणवायूचा प्रश्न आहे, असं शेवटी व्हर्न विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. बरोबर आहे. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, पुण्यातही तेवढाच. दवाखान्यात ज्याच्या नाकाला नळी लावलेली असते तो निमूट पडून असतो. भांडतात ते भेटायला आलेले.

तरी अधूनमधून एक शंका येते. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याचा विनोद इतका झिजला आहे की तो करायलाही लाज वाटते. पण मिठाईवाल्या चितळ्यांनी २०१७ साली दुपारचंही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा ती बातमी देशभर छापून आली होती. झोपणारं शहर जागं झालं ते आपोआप की कुणी खालून काही सोडतंय? आणि सोडत असेल तर आम्हाला कळणार कसं? ऑक्सला किकेंदोनमध्ये रस्ते खोदायला दिव्यांची थाप मारावी लागली. पुण्यात थाप कशाला मारायची? रस्ता खोदलेलाच असतो. गेल्या वर्षी गॅसचा नळ, त्याआधी पाण्याचा, मग केबल, मग काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा. हिरवी जाळी, पत्र्यावर 'काम चालू, सहकार्य करा', आत जेसीबी आणि कडेला बघणारे पंधरा जण. त्यातले एक निवृत्त काका खाली वाकून विचारतात.

"काय टाकताय रे?"

"पाइप."

"ते दिसतंय. कशाचा?"

"मला काय माहीत काका, मुकादमाला विचारा."

"मुकादम कुठंय?"

"तो खड्ड्याच्या पलीकडं. तुम्हाला चौकातून वळसा पडंल."

काका वळसा घालून जातात. मुकादम जेवायला गेलेला असतो. काका घरी येतात आणि संध्याकाळपर्यंत आळीत तीन वेगवेगळे पाइप पसरलेले असतात.

माझा अंदाज असा की डॉक्टर ऑक्स इथे येऊन गेला. नळ टाकले, तोट्या सोडल्या, महिनाभर वहीत काही लिहिण्यासारखा फरक दिसला नाही. त्याच्या गोदामाच्या दारावर तोवर कुणीतरी परस्पर पाटी लावली होती: 'येथे वायू विकत मिळत नाही. चौकशी करू नये. पूर्वी केली असल्यास पुन्हा करू नये.' तेव्हा तो सामान बांधून पिंपरी-चिंचवडकडे गेला असावा.

यापुढे जो कोणी शास्त्रज्ञ प्रयोगासाठी या शहराची निवड करील त्याला नागरिकांतर्फे एकच विनंती. वायू कोणताही सोडा, आमची ना नाही. पण जाताना रस्ता पहिल्यासारखा करून जा, आणि डांबर टाकून झाल्यावर त्यावरून एकदा स्वतः स्कूटर चालवून बघा.